फाटकाबाहेरचा धोटा

भाऊराव पाथरवट यांची माझी पहिली भेट ख्रिस्ती स्मशानभूमीच्या फाटकापाशी झाली. साप्ताहिकासाठी चार ओळींची बातमी हवी म्हणून मी गेलो होतो. अमेरिकन पाद्रीसाहेबांच्या पत्नी भाऊरावांना एक वही दाखवीत होत्या. मायदेशातल्या आपल्या गावची जुनी थडगी बाईंच्या वडिलांनी पेन्सिलीने उतरवून घेतली होती. सर्वांत जुन्या दगडांवर पंख फुटलेली कवटी, पुढच्यांवर पंख तेच पण मधे बाळसेदार मुखडा, त्याही पुढच्यांवर कलशावर ओणवलेले झाड.

भाऊरावांनी विचारले, "बाई, आदी कवटी, मग लेकराचं तोंड, मग झाड. तुमचा द्येव बदलला का?"

"देव नाही, मिस्त्री. माणसांची भीती कमी झाली."

ही वही भाऊराव विसरले नाहीत. सात वर्षांपूर्वी सायम्मा वारल्या. त्यांचा जन्म हातमागावर धोटा फेकण्यात गेला. दगडावर क्रुसाखाली धोटा असावा, एवढीच त्यांचे पती नरसय्या यांची इच्छा. भाऊरावांनी तो बोटभर खोल कोरला. इतका खोल कशाला, असे मी विचारले. म्हणाले, "म्हाताऱ्याला दिसत न्हाय. बोटांनी बगंल."

दगड फाटकाशी आला आणि ख्रिस्ती मंडळीचे पंच आडवे आले. "मिस्त्री, हे स्मशान आहे, मागांचा कारखाना नव्हे. उद्या न्हाव्याच्या दगडावर वस्तरा काढाल!"

"काढीन की. लई झ्याक दिसंल." मग पंचांच्या बैठकीत त्यांनी ती वही मागवून उघडली. "ह्यांच्या मुलखात कवटी गेली, मुखडं आलं. मुखडं गेलं, झाड आलं. धर्म बुडाला न्हाय. आन आमच्या एका धोट्यानं बुडतुय व्हय?"

पाद्रीसाहेब हसले आणि त्यांनी होकार दिला. नकार दिला तो आपल्याच माणसांनी. धोटा तासा, मगच दगड आत घ्या, असा हुकूम सुटला. भाऊरावांनी छिन्नी मेजावर ठेवली. "घाव तुमी घाला." एकाचाही हात पुढे झाला नाही. दगड मात्र बाहेरच राहिला.

आज त्याच पंचांतले तिघे या गौरव समितीत आहेत. भाऊरावांच्या पंचाहत्तरीला शाल कोणत्या रंगाची असावी यावर त्यांच्या दोन बैठका झाल्या. मला त्यांनी 'प्रसंगाला शोभेल असे' लिहायला सांगितले. मजकूर वेळेवर देण्याची मला सवय आहे, तो दिला. गोड लिहिणे जमले नाही. ज्यांनी कारागिराचे काम सात वर्षे धुळीत टाकले, त्यांनी त्याच्या हातांची थोरवी सभेत सांगावी, याची मला चीड येते.

भाऊराव दर रविवारी तांब्याभर पाणी घेऊन जातात आणि तो दगड धुतात. नरसय्या शेजारी बसून धोट्यावरून बोटे फिरवतात. पावसात दगड खचेल म्हणून भाऊरावांनी त्याच्याखाली स्वतः खडी भरली आहे.

भाऊरावांना निरोगी शंभर वर्षे लाभोत. तो दगड आत बसवायला त्यांचाच हात हवा. नरसय्यांनाही आयुष्य लाभो. पण ते नव्वदीला टेकले आहेत. पंचांनी माझ्या शुभेच्छांवर विसंबून राहू नये.