सरहद्दीवर अडलेले डिंकाचे लाडू

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या घरात आज बाळंतीण सुनेसाठी डिंक तळला. तुपाचा वास पसरला आणि मला नायगाऱ्याचा फलाट आठवला.

ऐंशीच्या दशकात आम्ही टोरंटोत राहायचो. न्यूयॉर्कला मेहुणी बाळंत झाली, म्हणून रेल्वेने निघालो होतो. पूल ओलांडून गाडी अमेरिकेत थांबली. गोरे प्रवासी जागेवर कॉफी पीत बसले आणि आम्हा दोघांनाच सामानासकट बर्फात उतरवलं. तो राग अजून गेलेला नाही.

कस्टम्सच्या बाईने आमचा लाडवांचा डबा उघडला. "हे नेता येणार नाही."

घासाघीस करून दुकान उभं केलेला माणूस मी. "अर्धे ठेवा, अर्धे सोडा," इथपासून "साहेबाला बोलवा" इथपर्यंत सगळं केलं. ती ढिम्म! गाडी सुटायला आली.

"अहो, जरा गप्प बसा," बायको म्हणाली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने त्या बाईला विचारलं, "कितवा महिना?"

मला तोवर तिचं पोट दिसलंच नव्हतं.

"आठवा." तिचा हात आपोआप कमरेवर गेला.

"हे बाळंतिणीचे लाडू. कमरेला बळ येतं." बायकोने एक पुढे केला.

"ड्यूटीवर घेता येत नाही," ती हळूच म्हणाली आणि झाकण लावून डबा आमच्याकडे सरकवला. आज वाटतं, तीही दिवसभर उभीच असेल.

गाडीत मी जिंकल्याच्या तोऱ्यात बसलो होतो. बायको मात्र खिडकीतून त्या बाईकडे बघत म्हणाली, "हिला कोण करून घालणार हो?"