पाचवं ‘का’

कारखान्याच्या फलकावर धाकटीचं नाव लागलं आणि तिची बोबडीच वळली. सुधारणा गटाची प्रमुख! शिलाईच्या मशीनवर बसल्यावर जिला मान वर करायची चोरी, ती म्हणे आता अख्ख्या विभागाच्या अडचणी सोडवणार. कुणीतरी थट्टा केली असणार, असं म्हणून ती तिथून निघून गेली. मग परत आली, पुन्हा वाचलं, आणि घाम पुसत मशीनवर जाऊन बसली.

तिला धाकटी म्हणायचे, कारण तिची सासूही तिथंच कामाला होती आणि सासूला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. कारखाना गणवेशाचे गडद निळे कोट शिवायचा. आता निळा म्हणजे निळाच, असं तुम्हाआम्हाला वाटतं. पण एका ताग्याचा निळा दुसऱ्या ताग्याशी कधी जुळत नाही, केसभर फरक राहतोच. कापून आलेल्या ढिगातून एकाच छटेची पाठ, बाह्या आणि कॉलर वेचायची आणि गठ्ठा बांधून शिलाईला पाठवायचा, हे मोठ्या बाईंचं काम. त्या नुसत्या नजरेनं ते करत, आणि त्या नजरेचा साऱ्या कारखान्यात दरारा होता. धाकटीला इथं चिकटवलं तेही त्यांनीच. बाई जिभेची मोठी तिखट. हिला घरी एक आणि कामावर एक अशा दोन सासवा आहेत, असं बायका चिडवायच्या आणि धाकटी हसून घ्यायची.

शिकवायला बाहेरून एक सर आले. उंच, लुकडे, आणि तोंडात एकच शब्द, ‘का?’ उत्तर द्यावं तर त्या उत्तरावर पुन्हा ‘का?’ बायकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं कावळेसर असं बारसं करून टाकलं. पण माणूस खोटा नव्हता. आजवर काही बिघडलं की साहेब लोक केबिनमध्ये चहा पीत चर्चा करायचे आणि खापर खाली कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचं. आता ज्यांचे हात कामाला लागतात त्यांनीच कारण शोधायचं, असं सर म्हणाले. खुर्चीत बसून शोधायचं नाही, मालाच्या मागोमाग चालायचं. पाच वेळा ‘का’ विचारलं की बहुतेक मूळ हाती लागतं. आणि एक नियम त्यांनी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेतला: दोष पद्धतीत शोधायचा, माणसात नाही.

धाकटीला गोडी लागली हो! नवरा ट्रक घेऊन उशिरा घरी आला की ती विचारायची, उशीर का? तो म्हणायचा, रस्ता खराब. ती म्हणायची, का? शेवटी बिचारा हात जोडून ताटावर बसायचा. मोठ्या बाई मात्र तिच्या या नव्या खुळावर एक अक्षर बोलत नसत. धाकटीला वाटलं, मनातून खूश असतील.

तिच्या गटाला काम मिळालं ते परत आलेल्या कोटांचं. एक बाही एका निळ्याची, दुसरी दुसऱ्याची. उजेडात कोट धरला की दोन माणसांचे कोट फाडून एक केल्यासारखा दिसायचा. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं निर्वाणीचं सांगितलं होतं, असा माल पुन्हा आला तर व्यवहार बंद. धाकटी कंबर कसून निघाली. तयार मालाच्या बांधणीपासून उलट चालत इस्त्रीला गेली, इस्त्रीपासून शिलाईला. शिलाईवाल्या बायका म्हणाल्या, आम्ही गठ्ठ्यात येईल ते शिवतो. मग गठ्ठ्याच्या मागोमाग ती सासूच्या टेबलाशी आली आणि कापडाच्या थप्पीआड उभी राहिली. सासू कशी चटचट निवडते ते बघून घ्यावं, एवढाच विचार.

मोठ्या बाई कापडाकडे बघतच नव्हत्या.

मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. तुकडा हातात आला की अंगठा आणि बोट यांत चोळायच्या, क्षणभर थांबायच्या आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायच्या. धाकटीच्या डोळ्यांदेखत त्यांनी एक फिकट बाही गडद पाठीवर ठेवली आणि गठ्ठ्याला गाठ मारली. पाच हातांवरून धाकटीला फरक दिसत होता. तशीच मागच्या मागं सरकत ती मशीनवर गेली आणि दिवसभर तिनं काय शिवलं ते तिचं तिला कळलं नाही.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी चहा केला. कपाच्या काठावर आतून बोट ठेवून ओतला, बोटाला चटका बसला तशी किटली सरळ केली. हे धाकटी रोज बघत होती. साखरेचा डबा जागचा हलला तर घर डोक्यावर घेणारी बाई, जिना उतरताना भिंतीला हात लावणारी बाई. हा सगळा स्वभाव आहे, वय झालं की माणूस विक्षिप्त होतं, असं समजून बसली होती ती. स्वतःचीच तिला शिसारी आली. कारखाना पालथा घालून ‘का’ विचारत फिरतेस आणि आपल्या ओट्याशी काय चाललंय ते दिसलं नाही तुला?

“आई, कपात बोट का घालता?” तिनं विचारलं.

मोठ्या बाईंनी किटली खाली ठेवली. मग भाजी महागली म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, “काचबिंदू आहे. डावा गेला. उजव्यात जरासं उरलंय. गेलेलं परत येत नाही म्हणे.”

मग सगळंच बाहेर आलं. औषधाच्या थेंबांची बाटली साड्यांच्या घडीत ठेवलेली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा बोटांवर भागवलं होतं, कारण जुन्या गिरणीच्या प्रत्येक ताग्याचा पोत निराळा लागायचा. नव्या गिरणीचं कापड आलं, सगळं एकसारखं गुळगुळीत, आणि बोटंही हरली. पोटच्या मुलालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. शेवटी त्यांनी सुनेला एवढंच विचारलं, सांगणार आहेस का. धाकटी कप विसळत उभी राहिली.

पण मग तिला सरांचा नियम आठवला आणि जीव भांड्यात पडला. दोष पद्धतीत! कापड एकावर एक अंथरून कापतात, तेव्हाच प्रत्येक थराच्या सगळ्या तुकड्यांना एकच आकडा चिकटवला, तर जुळवायला नजर लागतेच कशाला? आकड्याला आकडा लावा, काम झालं. कोट सुधारतील, सासूची अब्रू राहील, खोटंही बोलावं लागणार नाही. अशी खुशीत होती बया की सभेच्या दिवशी केसांना तेल लावून, चापूनचोपून वेणी घालून गेली.

सगळा कारखाना जमला. धाकटीनं एकेक ‘का’ सांगितलं आणि पाचव्याला म्हणाली, कारण छटा ओळखायला नजरेशिवाय आपल्याकडे दुसरं साधनच नाही. आकड्याची युक्ती दाखवली. टाळ्या पडल्या, कावळेसरांची मान समाधानानं हलली. मॅनेजर तर उठूनच उभा राहिला आणि म्हणाला, “फारच छान. म्हणजे ते जुळवणीचं टेबल उद्यापासून काढता येईल.”

धाकटी दगड झाली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. माणसाला वाचवायला निघाली आणि त्याची जागाच पुसून बसली, तीही टाळ्यांच्या गजरात.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मोठ्या बाई उठल्या होत्या.

“हिचं पाचवं चुकलंय,” त्या म्हणाल्या. “चुकीचे गठ्ठे मी बांधले. मला दिसत नाही. मग सांगितलं का नाही, ते विचारा ना. मागं तो एक इस्त्रीवाला होता ना, त्याचा हात थरथरायला लागला. त्यानं येऊन खरं सांगितलं आणि तुम्ही त्याला घरी बसवलंत. ते बघून मी तोंड शिवलं. हे आहे पाचवं.”

मॅनेजरचा चेहरा उतरला. आधी सांगायला हवं होतं, असं काहीतरी तो पुटपुटला. मोठ्या बाईंनी ते मान्य केलं. म्हणाल्या, टेबल काढा, मीही उद्यापासून येत नाही, पण उरलेल्यांना काय लपवावं लागतंय ते विचारा, आणि आजच विचारा.

आणि मग कापणी मास्तरांनी हात वर केला. कापडाच्या थरांची चळत फिरत्या पात्यावर चालवणारा माणूस तो. मान खाली घालून म्हणाला की उजव्या हाताची दोन बोटं कधीची बधिर आहेत, पातं कुठं आहे ते कळत नाही, अंदाजानं चालवतो. पात्याच्या पलीकडे उभी राहून त्याच्यासमोर कापड धरणारी मुलगी पहिल्याच रांगेत बसली होती. तिनं आपले दोन्ही हात हळूच काखेत दडवले.

ते बघून बायकांनी पदर तोंडाला लावले. कावळेसरांना एकसुद्धा ‘का’ सुचलं नाही. मॅनेजरनं त्याच घटकेला माणूस धाडून पातं बंद करवलं. मास्तरांनी विचारलं, मला घरी बसवणार का? मॅनेजर सगळ्यांकडे बघत राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, नाही, कुणालाही बसवणार नाही.

“आणि आईंना?” धाकटीनं विचारलं.

तिच्या हातात अजून फळ्यावर लिहायचा खडू होता. मॅनेजर समोरचे कागद सारखे करत बसला. मोठ्या बाईंनी पिशवी उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या. वाटेत एका खुर्चीला अडखळल्या आणि साऱ्या सभेला ते दिसलं. धाकटी धावत गेली. मोठ्या बाईंनी तिचा दंड धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली. दोघी फाटकापर्यंत आल्या. तिथं मोठ्या बाई थांबल्या. इतकी वर्षं त्या इथून रोज ये-जा करत होत्या.

“पुढं पायरी आहे का गं?” त्यांनी विचारलं.

“आहे, आई,” धाकटी म्हणाली. “एकच आहे.”