पोराच्या अंगावर खून

"माझ्या पदरचं कायबी न्हाय, सरकार!" असं म्हणत आमचे मुन्शीजी दोन्ही हात उघडे करून दाखवायचे आणि मगच दुसऱ्याचं बोलणं सांगायचे. निजामाच्या राज्यात धाराशिवच्या अदालतीत ते दुभाषी होते. जज्जसाहेबांना मराठी येत नसे, आमच्या लोकांना उर्दू. मधे मुन्शीजी. मी तिथंच कारकून होतो, त्यांच्या शेजारी बसायचो.

एकदा उमरग्याची एक कासारीण साक्षीला आली होती. तारखांना वैतागलेली बाई जज्जसाहेबांकडं बघून पुटपुटली, "ह्यो मुडदा मला घरला कवा सोडायचा?" तुम्ही-आम्ही असतो तर ऐकलं न ऐकलं केलं असतं की नाही? मुन्शीजींनी हात उघडले. "हुजूर, पूछती है, ये मुर्दा मुझे घर कब छोड़ेगा." साहेबच आधी हसले, म्हणून आम्हाला हसता आलं.

साक्षीला आलेल्याला ते आधी व्हरांड्यात पाणी पाजायचे. "भिऊ नका. तुमी बोला, म्या पोचवतो." लई भला माणूस हो!

मग माकणीचा खटला आला. बांधावरून भांडण, एक चुलतभाऊ मेला, दुसऱ्याला पकडलं. खुनाचं प्रकरण काही एकदम आमच्याकडं येत नसे. पाटलानं वर्दी द्यायची, ठाण्यानं पंचनामा करायचा, तालुक्याच्या अदालतीनं चौकशी करायची, तेव्हा कुठं बेड्या वाजवत आरोपी जिल्ह्याला यायचा. तोवर घरच्यांच्या वहाणा झिजलेल्या. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. पकडलेला पोरगा म्हणत होता, मी बांधाकडं फिरकलोच नाही. त्या सांजेला तो घरी आला, तेव्हा घरात एकटी त्याची आई. सगळा खटला तिच्या साक्षीवर येऊन ठेपला.

जज्जसाहेबांनी विचारलं, "घर आया तब उसके बदन पर खून था?"

मुन्शीजी उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्या घरीही रक्ताला खूनच म्हणत. ते म्हणाले, "आई, पोराच्या अंगावर खून व्हता का?"

"व्हता की! म्हणून तर धरून नेला न्हवं त्याला."

मुन्शीजींनी शब्दाला शब्द उर्दूत दिला. साहेबांनी लिहून घेतलं. भरल्या अदालतीत एकाच्याही कानाला खटकलं नाही!

निकाल साहेब वाचत होते, मुन्शीजी आरोपीला मराठीत सांगत होते. निकालात साहेबांनी 'लहू' लिहिलं होतं, म्हणून या वेळी मुन्शीजींच्या तोंडी 'रक्त' हा शब्द आला. "तुझ्या सख्ख्या आईनं सांगितलं, तू घरी आलास तवा तुझ्या अंगावर रक्त व्हतं. म्हणून तुला जन्मठेप."

मागून म्हातारी किंचाळली, "रक्त? कुठलं रक्त? म्या कवा म्हणले रक्त? पोराच्या अंगावर खुनाचा आळ हाय का, असं इचारलं न्हवं तुमी मला?"

अरे देवा! मुन्शीजी साहेबांपुढं धावले. "गलती मेरी है, हुजूर! गलती मेरी है!" साहेब उठून आत गेले. निकाल झालेला होता.

मुन्शीजींनी हैदराबाद गाठलं. वरच्या अदालतीत शपथेवर आपली चूक सांगितली. नोकरी गेली, त्याचं त्यांना काही नव्हतं. हैदराबादहून हुकूम आला: आईची साक्ष पुन्हा घ्या. आम्ही सगळे खूश. सुटला पोरगा!

नव्या दुभाष्यानं अगदी नीट विचारलं, "आई, पोराच्या अंगावर रक्त होतं का?"

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. साहेबांनी तीनतीनदा विचारायला लावलं. ती हूं की चूं करीना. मुन्शीजी दारात उभे होते, त्यांना राहवेना. "आई, नव्हतं म्हणा! एवढं एकच बोला. पाया पडतो तुमच्या!"

तिनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. "मागं बोलले तर पोरगा गेला. आता तुमीच सांगा, कोणता सबूद बोलू? तिकडं सायबाकडं जाऊन त्याचं दुसरं कायतरी हुणार न्हाय, असा कोणता हाय?"

जज्जसाहेबांनी नव्या दुभाष्याकडं पाहिलं.

"कुछ नहीं बोलती, हुजूर," तो म्हणाला.

पहिलीच साक्ष धरून शिक्षा कायम झाली. म्हातारी माकणीच्या वाटेला लागली. मुन्शीजी चार पावलांचं अंतर ठेवून तिच्यामागं चालत गेले. तिनं त्यांना ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यानंतर ते धाराशिवात कुणाला दिसले नाहीत.