वानखडे सरांचा मागे घेतलेला निबंध

सरांवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. मोठ्या माणसाविषयी कसं लिहावं हे सांगणारं कुणी नव्हतं. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात वानखडे सर प्राणिशास्त्र शिकवत. मधुमेह हा त्यांचा ध्यास. दुपारी प्रयोगशाळा रिकामी झाली की ते स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरत. निळ्या द्रावणात रोग्याच्या लघवीचे थेंब पडत. साखर असेल तसं निळ्याचं हिरवं, पिवळं, कधी थेट विटेसारखं लाल होई. सर नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहत राहत. मला वाटे, त्या काचेत संध्याकाळ उतरते आहे आणि सर तिच्या काठाशी बसलेत. मी निकाल लिहायला वही ओढली की म्हणत, "काहून घाई करून राहिला लेका? रंग बसू दे."

राजापेठेमागच्या वस्तीतल्या रोग्यांना त्यांनी जांभळाच्या बियांची पूड दिली होती. रंग खरोखरच लालाकडून हिरव्याकडे आला. त्यावरचा सरांचा पहिला निबंध एका शोधपत्रिकेत छापून आला, आणि मुंबईच्या एका संस्थेनं त्यांना संप्रेरकांवर काम करायला बोलावलं. याच बोलावण्याची सर कित्येक वर्षं वाट पाहत होते. त्या दिवसांत ते फळ्यावर अर्धं वाक्य लिहून थांबत आणि खिडकीबाहेर बघून हसत.

आम्ही वस्तीतल्या जनामावशीचा निरोप घ्यायला गेलो. सगळ्यात चांगला गुण तिलाच आला होता. तिनं आमच्यापुढे भाकर अन् ठेचा ठेवला, स्वतः मात्र ताकाचा गडू घेऊन बसली. सरांनी थट्टेनं विचारलं, तू नाही खाल्लीस तर एवढी भाकर आमच्याच्यानं संपेल का.

"आज पूड घेतली ना. पूड घेतली का आमी भाकर शिवत नाई. साऱ्या वस्तीनं पथ्य पाळलं."

सरांचा घास हातातच राहिला. नेहमीसारखं जेवा, असं त्यांनी प्रत्येकाला बजावलं होतं.

"मले काहून नाई सांगतलं, मावशी?"

"तुमचं मन कसं मोडावं? बिमार माणसाले कोनी नेहमीसारखं जेवू देते का, बाप्पा? शिकलेले लोक बोलतेत तसं. आमी हो म्हनलं."

साखर पुडीनं कमी झाली की पथ्यानं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सर सायकल हातात धरून कॉलेजपर्यंत चालत आले.

प्राचार्य त्यांचे हितचिंतक होते. त्यांनी समजावलं की छापलेलं छापलं, मुंबईला जा, पुढचा निबंध नीट लिहा. सरांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माह्या भरवशावर कोनी इन्सुलिन सोडलं तं?"

निबंध मागे घेत असल्याची सूचना त्यांनी लिहिली. पाठवण्याआधी जनामावशीच्या अंगणात बसून ती वऱ्हाडीतून वाचून दाखवली. चूक लक्षात आणून दिल्याबद्दल शेवटी तिचे नावानिशी आभार मानले होते. मावशीला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिनं पदर सावरून घेतला.

मुंबईचं बोलावणं पुन्हा आलं नाही. सर दुपारच्या त्या उजेडात परत जाऊन बसले. पुढे त्यांचे आणखी काही निबंध निघाले, लहान लहान, आणि एकाचाही गाजावाजा झाला नाही.

बी.एस्सी. होऊन मी अकोल्याला शाळेत लागलो. सर गेले हे मला फार उशिरा, बडनेऱ्याच्या फलाटावर, एका जुन्या वर्गमित्राकडून कळलं. शोकसभेचंही त्यानंच सांगितलं. प्राचार्यांनी सरांचे निबंध एकेक करून वाचून दाखवले. ती सूचना तेवढी गाळली, सरांचा मान राहावा म्हणून. ते खाली बसणार तेवढ्यात मागच्या रांगेतून जनामावशी उठून उभी राहिली.

"एक राह्यलं, सायेब. आमच्या पथ्याचं. ते बी सरानंच लिवलं हाये."