हॉप्सना ऊन दाखवलं

मल्लेश्वरममध्ये कॉफीपावडरच्या दुकानात मी चाळीस वर्षं बिया भाजल्या, दळल्या, पुड्या बांधल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी लिहायला बायकोनं शिकवलं. ती बेळगावकडची. तिनं शिकवलेल्या अक्षरांत हे लिहितोय, आणि पहिलंच सांगून टाकतो की चूक माझी होती.

बायको जाऊन दहा महिने झाले होते. मुलगी एकटी देवनहळ्ळीकडे फ्लॅटमध्ये राहते, नोकरी कंप्युटरची. घरी बिअर बनवायचा तिला नाद आहे. आई गेल्यावर तिनं ते सगळं सामान माझ्या घरी आणून टाकलं. म्हणाली, "फ्लॅटमध्ये जागा नाही अप्पा." तिचा फ्लॅट माझ्या घराच्या दुप्पट आहे. मी मागची पडवी रिकामी करून दिली. दर शनिवारी ती येऊ लागली, मागच्या पडवीत मोठं पातेलं चढवू लागली, आणि आठवड्यातला एक दिवस तरी मी दाढी करू लागलो.

समोरच्या बाईंनी विचारलं, "कसला वास येतोय, अण्णा?"

"औषध उकळतंय," म्हटलं.

बायकोनं एकदा मुलीची बिअर चाखली होती. घोटभर घेऊन म्हणाली, "कारलं उकडून पाणीच दिलंस गं. कारलं कुठाय?"

तो कडूपणा आणि वास हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. चंदेरी पाकिटात, हवा काढून, घट्ट बंद होऊन येतात. अर्ध्या गोळ्या उकळताना घालायच्या, ते कडूपणासाठी. उरलेल्या आठवड्यानं, बिअर आंबून थंडावत आली की, ते वासासाठी.

त्या वेळी शहरात घरी बिअर बनवणाऱ्यांची स्पर्धा होती आणि मुलीनं पहिल्यांदाच नाव घातलं होतं. तिनं निवडलेल्या बिअरमध्ये वास हेच सगळं. पहिल्या शनिवारी तिनं अर्ध्या गोळ्या उकळल्या, उरलेल्या पाकिटातली हवा दाबून काढली, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि जाताना म्हणाली, "फ्रीजरमध्ये ठेवा हं, विसरू नका."

फ्रीजर भरलेला होता. बायकोनं खोवून ठेवलेला नारळ, पुरणाचा गोळा, सोललेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे. प्रत्येक पिशवीवर तिच्या हातची चिठ्ठी. दहा महिने मी त्यातलं काही खाल्लं नव्हतं आणि काही हलवलंही नव्हतं. पाकीट घुसेना. मग ते खाली भाजीच्या कप्प्यात ठेवलं. दोन दिवसांनी उघडून पाहिलं तर गोळ्या हाताला दमट लागल्या. बायको काय करायची? मेथी असो, मिरची असो, धणे असोत, दमट वाटलं की ऊन दाखवायची. मी सूप काढलं, तिच्या जुन्या साडीचा तुकडा अंथरला, आणि गोळ्या दोन दिवस गच्चीवर वाळवल्या. कावळे येऊ नयेत म्हणून शेजारी बसून राहिलो. मग स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकण ठोकून बसवलं. काम झाल्यासारखं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी मुलीनं डबा उघडला आणि नाक मागे घेतलं. मीही वास घेतला. जुनं चीज आणि पावसात भिजलेले पायमोजे.

"हे काय केलंत?"

"ऊन दाखवलं. दमट होतं."

"अप्पा, ऊन, हवा, उष्णता, तिन्हीपासून जपायचं असतं ते. कॉफी घालता का हो तुम्ही उन्हात?"

हे लागलं. दळलेल्या कॉफीला वारा लागला की ती मेली, हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं ओरडून सांगत होतो.

"फ्रीजरमध्ये जागा नव्हती," मी म्हटलं.

"जागा नाही, कारण तिथं आईचं..." ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "स्पर्धेचं राहू दे. पुढच्या आठवड्यात सामान घेऊन जाते. तुम्हाला उगीच त्रास."

सामान गेलं तर शनिवार जाणार, एवढं कळायला शाळा लागत नाही.

"नवीन मागव," म्हटलं.

"यायला पाच दिवस. बिअर आत्ता तयार आहे, तेवढी थांबणार नाही."

"गावात कुणाकडे असेल की."

"बसवनगुडीत एक इंजिनियर आहेत, त्यांच्याकडे हेच असतं. पण तेही स्पर्धेत आहेत. ते कशाला देतील?"

"फोन करून सांग, म्हातारा येतोय. नाही म्हणाले तर परत येईन. पाय माझेच आहेत."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणून जेवणाचा डबा भरला आणि मेट्रोनं गेलो. खराब गोळ्यांचा डबाही बरोबर घेतला. काय लपवायचं?

इंजिनियर टकला, हाफ पँटमधला, पन्नाशीचा. घरात दोन फ्रीज. त्यानं माझा डबा हुंगला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अंकल, हे उशीत भरा. झोप छान लागते म्हणतात."

"उन्हात वाळवले," मी सांगितलं.

तो हसेल वाटलं, हसला नाही. "मी पहिलं पाकीट देवघरात ठेवलं होतं. घरात तीच खोली गार म्हणून. वर्षभर! बिअरला कापराचा वास आला."

त्यानं फ्रीजरमधून त्याचं पाकीट काढलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. संत्र्याची साल, कैरी, ओलं लाकूड. मी डोळे मिटून उभा राहिलो. ताज्या भाजलेल्या बियांपुढे मी असाच उभा राहायचो.

"माझ्या मुलीनं तुम्हाला हरवलं तर?" मी विचारलं.

"हरवू दे. शिळा माल घेऊन आलेल्याला हरवून मला काय मिळणार?" त्यानं गोळ्या मोजून पिशवीत घातल्या, हवा ओढली, तोंड गरम पट्टीनं चिकटवलं. "बर्फ वितळायच्या आत पोचा. जरा लवकर."

घरी आलो. मुलीनं लागतील तेवढ्या गोळ्या बिअरमध्ये टाकून झाकण लावलं. मूठभर उरल्या.

"माझ्या फ्रीजरमध्ये नेते," ती म्हणाली.

"नको. इथंच ठेव."

मी फ्रीजर उघडला. दुकानात जुनी पावडर निघाली की मी मागे न बघता टाकायचो. इथं प्रत्येक चिठ्ठी आधी वाचली, मग काढलं. नारळ पिवळा पडला होता, खवट. पुरणावर बर्फाची दाढी, आतून आंबूस. ती असती तर तिनंच टाकलं असतं आणि मला चार शब्द ऐकवले असते. दोन्ही टाकलं. अवरेकाळू चांगले होते. मुलीनं त्यांचं सारू केलं, आमच्याकडची पातळ आमटी. मीठ कमी पडलं. आम्ही दोघांनी पातेलं संपवलं. चिठ्ठ्या मी ठेवल्या. त्या खराब होत नाहीत.

पुढच्या शनिवारी बाटल्या भरल्या. गॅस भरलेली गार बिअर ती नळीनं सोडत होती, आणि झाकण दाबायचं यंत्र माझ्याकडे होतं. पुड्या बांधलेले हात, लगेच जमलं. तिनं शिकवलं की फेस पार तोंडाशी येऊ द्यायचा, थोडा सांडू द्यायचा, आणि फेसावरच झाकण दाबायचं. मग आत हवेला जागा राहत नाही. हवा राहिली तर आधी वास जातो, मग रंग. बाटल्या तपकिरी, उजेड लागू नये म्हणून. तरी मी प्रत्येकीला वर्तमानपत्र गुंडाळलं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या, सकाळी बर्फाच्या पेटीत घालून रिक्षानं पोचवल्या. पेटी मी मांडीवर धरली.

"खाली ठेवा की," मुलगी म्हणाली.

"खाली इंजिनाची ऊब लागते."

"सरी, बरं," ती म्हणाली आणि रस्त्याकडे तोंड करून हसली.

बक्षीस मिळालं नाही. इंजिनियरचा तिसरा नंबर आला. महिन्याभरानं परीक्षकांचा कागद आला, इंग्रजीत. मुलीनं पडवीत उभं राहून मराठी करून वाचला. "हॉप्सचा वास ताजा आणि स्वच्छ. बिअर जरा पातळ. कडूपणा थोडा जास्त."

"पातळ ते तुझं," मी म्हटलं. "वास माझा."

"वास इंजिनियरांचा."

"वाहून कुणी आणला?"

तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सामान न्यायचं तिनं काढलं नाही, मीही आठवण दिली नाही. पातळपणा घालवायला धान्य किती वाढवायचं याचा हिशेब ती बोटांवर करत होती. मग तिनं पातेलं चढवलं, आणि मी बाटल्या धुवायला बसलो.