धावपट्टीवरचे दव

शेलूबाजारहून वाशीमला जाणाऱ्या जीपमध्ये पन्नाशीचा एक माणूस माझ्या शेजारी बसला. तो एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर धावपट्टीचे दिवे सांभाळत होता आणि रजेवर गावी आला होता. बोलता बोलता तो दुपट्ट्याच्या टोकाने जीपची काच पुसत होता.

"पह्यले रोज कुठचा तरी बल्ब बदलावा लागे," तो म्हणाला. "मंग एलईडी आले. वीज कमी खाते, वर्सानुवर्स जात नाई. सायेब म्हणे, आता तुमचं काम संपलं. म्या तं पेटी भरून ठेवली होती."

"मंग हाकललं काहून नाई, काका?" ड्रायव्हरने विचारले.

"हिवाळा आला ना, बाबू! जुना बल्ब तापे, काचेवरचं दव आपोआप सुके. एलईडीची काच थंडच राह्यते. एका सकाळी सारे दिवे धुरकट दिसले. सायेबच पयत आला, म्हणे फडकं घ्या!"

जीप हसली.

"आता आठ दिवसाची रजा मांगतली, तं चारच देल्ली. म्हणे, तुमच्याबिगर दिवे कोन पुसन?"

रजा कापल्याची ही तक्रार त्याने वाशीम येईपर्यंत तीनदा केली. दर वेळी त्याचा चेहरा अधिकच खुलत गेला.