क्लचवरचा हात

चैत्रातला मंगळवार, सकाळ. गाडीत हजर: मागच्या सीटवर माझी थोरली बहीण आक्का, पुढं मी आणि चालवायला मामा. नळदुर्ग मागं पडलं होतं, सोलापूर यायचं होतं आणि गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडून उभी होती.

मामा नात्याचे नव्हेत. आमच्या अणदूरचेच, आयुष्यभर हैदराबाद रस्त्यानं ट्रक हाकून घरी बसलेले. आक्काच्या किडन्या गेल्या आणि दर मंगळवारी-शनिवारी तिला डायलिसिसला न्यावं लागू लागलं. गाडी घरचीच आहे, पण मला चालवता येत नाही. गावात चालवणारे पुष्कळ, पण आठवड्यातून दोनदा न चुकता येणारा एकही मिळेना. मामा आपणहून आले.

गाडीत बसण्याआधी स्टेअरिंगला नमस्कार करणारे ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. मामा दार उघडून खाली वाकायचे आणि क्लचचं पेडल हातानं दोनदा दाबायचे. मग म्हणायचे, "आधी बघू, मग बोलू." हे वाक्य त्यांना सगळीकडं चालायचं. चहा घेणार का विचारलं तरी तेच. बोलता बोलता कप उचललेला असायचा. आक्काचा रिपोर्ट वाईट आला तेव्हाही तेच म्हणाले. त्या दिवशी आक्का थोडी हसली होती.

महिनाभर पेडल कुरकुरत होतं. आदल्या शनिवारी गिअरच पडेना. गॅरेजवाल्यानं क्लचप्लेट गेली म्हणून सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून नवी बसवली आणि त्यात आक्काचा शनिवार बुडाला. मंगळवारी तिचे पाय सुजले होते, आडवं झालं की श्वास लागत होता. आणि नवी प्लेट असूनही पेडल पुन्हा खाली गेलं ते वर येईना.

दवाखान्यात फोन केला. दुपारपर्यंत मशीन राखून ठेवतो म्हणाले. रुग्णवाहिका कुठल्याशा अपघाताकडं गेलेली. हात करून करून एक जीप थांबली. चालकानं आक्काचा श्वास ऐकला, वाटेत काही झालं तर आपल्या अंगावर येईल म्हणाला आणि निघून गेला.

मामा डोकं पेडलखाली घालून उताणे झाले, पाय दाराबाहेर. मला वरून पेडल आडवं हलवायला सांगितलं. ते सैल दातासारखं डगडगलं.

"ताई, प्लेट चांगली हाय. पेडल ज्या दांड्यावर फिरतं तिथला बुश गेलाय. प्लास्टिकची बांगडी असती बघा, तिचा भुगा झालाय. पेडल तिरकं जातंय, केबल ओढतच न्हाय."

बाजूच्या उसात ठिबकची जुनी नळी पडली होती. मामांच्या सांगण्यावरून मी तिचा तुकडा आणला. त्यांनी तो ब्लेडनं बेतून, उभा चिरून दांड्यावर बसवला. मी पान्हे देत होते, तेव्हा त्यांच्या डाव्या पायातली चप्पल गळून पडली. तळव्याची कड सोलून निघाली होती. रक्त, पू. तिरकं झालेलं पेडल कितीतरी दिवस तिथंच घासत असणार.

"मामा, पाय."

ते उठून बसले. दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्यांनी तो पाहिला.

"व्हय का," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "त्याला कळत न्हाय आता काय. साखर हाय मला. म्हणून तर हातानं बघतो. आक्काला बोलू नका. दुसरा कुणी गावंस्तोवर म्याच न्हेतो."

उतरा म्हणायला दुसरा ड्रायव्हर लागतो. मी आक्काचा पंचा फाडून तो पाय बांधला. मागून आक्कानं मामांना विचारलं, "दादा, निघायचं का?" दोन शब्दांच्या मध्ये ती श्वास घेत होती.

"निघालोच, आक्का."

एकदाही गिअर न खरखरता मामांनी गाडी दवाखान्याच्या दारात नेली. आक्का मशीनवर गेली. त्यांना मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर नेलं, तेव्हा भिंतीला धरून चालत होते. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पुढच्या फेरीला एका शेजाऱ्यानं गाडी आणली. मामांनी मला खाटेवरूनच दुकान सांगितलं, खरा बुश आणायला लावला. बोटांत फिरवून पाहिला, नखानं टोकरला. "हाच. दांड्याला ग्रीस लावाय सांगा, कोरडा बसवू देऊ नका." आवारातच मिस्त्रीकडून बसवून घेतला. वॉर्डात जाऊन सांगितलं तेव्हा मामांना ताप चढला होता. जखम गुडघ्याच्या वरपर्यंत चिघळत गेली आणि त्याच वॉर्डात ते वारले.

आक्काला आठवडाभर सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. पुढच्या सीटकडं पाहायचं तेवढं टाळायची.

त्यानंतर कधी पाहुणा, कधी शेजारी, असं एकेक दिवस ढकलत आणलं. आज शुक्रवार. पेडल मऊ चालतं, टाकी भरलेली आहे, पिशवी तयार आहे. एकाला सकाळी फोन केला, तो पुण्याला गेलाय. दुसऱ्याच्या घरी लग्न आहे. तिसरा उचलत नाही. उद्या आक्काला कोण नेणार, हे अजून ठरायचं आहे.